भामरेबाईंचा कागद

भामरेबाईंबद्दल काही गोड वाचायला मिळेल या आशेने कुणी बसू नये. बाई गोड नव्हत्या, आणि मीही नाही. जेल रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या सहा वर्षं राहिल्या. त्या सहा वर्षांत मला त्यांनी "या, बसा" असं एकदाच म्हटलं, तेही पाहुणचारासाठी नव्हे, कामाला जुंपण्यासाठी. ते पुढे येईलच.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात लोकांनी हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. तळमजला आणि वर तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. पाणी कमी आलं की मी वाईट, गाडी वाकडी लावू दिली नाही की मी वाईट. बाराही घरांनी मला शिव्या घातल्या आहेत, पण मागून. तोंडावर घालणारी एकच बाई होती.

बुटकी, काटक मूर्ती, मानेवर घट्ट अंबाडा, मनगटात पुरुषी घड्याळ. मूळच्या सटाण्याकडच्या. एस.टी.त कंडक्टर होत्या आणि पेठ, हरसूल अशा डोंगराकडच्या गाड्यांवर त्यांची बरीचशी नोकरी गेली. बाजाराच्या दिवशी कोंबड्या, पोती आणि उभी माणसं यांच्यातून वाट काढत तिकिटं फाडणाऱ्या बाईचा आवाज कसा असेल, ते मी सांगायला नको. नवऱ्याच्या आजारपणापायी त्यांनी नोकरी सोडली, पण गाडी काही सोडली नाही. जिन्यात दोन बायका बोलत उभ्या असल्या की मागून आवाज यायचा, "पुढे सरका, मधे थांबू नका." आणि त्या बायका खरंच दोन पायऱ्या वर सरकायच्या.

एक सवय तर माझ्या डोक्यात जायची. एस.टी.त कंडक्टरने दोनदा घंटी मारली की गाडी सुटते. बाईंनी ती घंटी घरी आणली होती. आपलं बोलून झालं की समोर जे असेल त्यावर, दारावर, टेबलावर, एकदा तर माझ्या स्कूटरच्या सीटवर, बोटाच्या पेराने टक टक. म्हणजे तुम्ही निघा. आपण काही बोलायच्या बेतात असलो तरी निघा. पस्तीस वर्षं साहेबलोकांपुढे उभा राहिलो, पण असा अपमान कुणी केला नव्हता.

त्यांचे यजमान दिलीपराव. सातपूरला एका कारखान्यात फिटर. नवीन राहायला आले तेव्हा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उतरायचे, मला हात जोडून नमस्कार करायचे. माणूस सालस. संध्याकाळी मात्र तोच माणूस कंपनीच्या बसमधून उतरायचा तो डोळे अर्धे मिटलेले, मान कलंडलेली, हात कठड्यावर. नमस्कार म्हणायला जायचा तर शब्द तोंडात चिकटायचे. आता असा माणूस रोज संध्याकाळी जिन्यात दिसल्यावर तुम्ही काय म्हणाल? आम्हीही तेच म्हटलं. मी बोर्डावर नोटीस लावली: सोसायटीच्या आवारात मद्यप्राशन करून प्रवेश करू नये, हुकमावरून. कुणाचं नाव घातलं नाही. भाषा मला बरी जमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात होतो. बाई आल्या, काखेतली जाड फाईल माझ्या ताटलीशेजारी ठेवली आणि रबर सोडलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"ते सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांत झोकांड्या खाणारा माणूस एकच आहे. वाचा."

मी चष्मा शोधायला लागलो. त्यांनीच वाचलं. "मायस्थेनिया ग्रॅव्हिस. म्हणा."

"अहो कळलं मला, आजार आहे—"

"कळलं नाही. म्हणा."

माझी बायको सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्यासमोर मला त्या बाईने शाळेतल्या पोरासारखं तीनदा म्हणायला लावलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा बाईंनी समजावून सांगितलं, तेही तिकीट फाडावं तसं. मेंदू सांगतो पण स्नायूपर्यंत निरोप पोचत नाही. सकाळी थोडा पोचतो, वापरून वापरून संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. आधी पापणी जाते, मग जीभ, मग घसा. बिघडलंच तर श्वास. "दारूचा थेंब शिवलेला नाही त्यांनी जन्मात. कारखान्यानेही तुमच्यासारखीच नोटीस दिली आहे. त्यांची टाइप केलेली आहे, एवढाच फरक." टक टक.

मी नोटीस काढली. माफी मात्र मागितली नाही. नाव लिहिलेलं नव्हतं, तर माफी कशाची, असा माझा मुद्दा होता. तो मुद्दा मी बराच काळ धरून ठेवला.

नंतर इकडून तिकडून कळलं की हे नाव सापडायलाच तीन वर्षं गेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा दिला. दुसऱ्याने मनाचं दुखणं म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. नातेवाइकांनी त्र्यंबकला शांत करायला लावली. तीन वर्षं सगळ्यांनी त्या माणसाला आळशी, दारुडा, ढोंगी ठरवलं, आणि त्याची बायको सगळ्यांशी भांडत राहिली. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरने पाच मिनिटं त्यांना नुसतं छताकडे बघायला लावलं, पापण्या हळूहळू उतरताना पाहिल्या आणि हे नाव कागदावर लिहून दिलं. म्हणून बाईंना त्या नावाचा इतका सोस. ज्याला त्याला घ्यायला लावायच्या. दूधवाल्यालासुद्धा.

आपल्याकडे पेशंटला बघायला जायची रीत आहे. हातात शहाळं, बिस्किटाचा पुडा, तोंडात सल्ला. शहाळं विकत आणावं लागतं म्हणून एकच आणतात, सल्ला ढीगभर. दिलीपरावांची नोकरी सुटून ते घरी बसले तशी भामऱ्यांकडेही ही रांग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिरसाठ वहिनी एकदा पेठकडच्या कुठल्या वैदूची काळी बाटली घेऊन गेल्या. मी जिन्यात होतो, दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. मी कान लावला नव्हता.

"आधी नाव घ्या, मग सल्ला द्या," बाई म्हणाल्या.

"कसलं नाव?"

"आजाराचं."

"बाई गं, मला कुठलं येतंय ते इंग्रजी."

"ज्याचं नाव येत नाही त्याचं औषध कसं काय मिळालं?"

वहिनी रडत बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "चांगलं करायला गेलं तर अशी अंगावर येते." मीही मान डोलावली. दुसऱ्या कुणी त्यांना म्हटलं होतं की देव परीक्षा बघतो. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "मग त्याला सांगा, निकाल लाव एकदाचा."

उद्धट होत्या हो. पण त्याच आठवड्यात मी मेंटेनन्सची पावती द्यायला वर गेलो तेव्हा एक गोष्ट पाहिली. दिलीपरावांपुढे मऊ खिचडीचं ताट होतं आणि समोर कुणी लांबचे पाहुणे. पाहुणे पीकपाण्यापासून निवडणुकीपर्यंत सगळं विचारत होते आणि हा सालस माणूस प्रत्येकाला उत्तर देत होता. बाई भिंतीला टेकून घड्याळ बघत होत्या. पाहुणे उठले तेव्हा दिलीपरावांनी घास तोंडात घातला आणि तो तोंडातच राहिला. त्यांनी बोटाने जबडा वर ढकलून बघितला. मग मान हलवली. बाईंनी ताट उचललं.

"दर चार तासांनी गोळी," त्या मला म्हणाल्या, खरं तर भिंतीलाच म्हणाल्या. "गोळीनंतर अर्ध्या तासाने अंगात जोर येतो, तो तासभर टिकतो. तेवढ्यात जेवण उरकायचं. तुम्ही लोक येता, त्यांना बोलायला लावता. बोलायला लागते तीच ताकद गिळायला लागते. भेटून जाता तुम्ही, आणि उपाशी राहतात ते." टक टक. मी पावती तिथेच ठेवून खाली आलो.

सुलभाने एकदा त्यांना विचारलं होतं, "ताई, तुम्ही कशा आहात?" म्हणे बाई क्षणभर गोंधळल्या. हा प्रश्न कुणी विचारत नसावं. मग म्हणाल्या, "मी ड्युटीवर आहे."

आता त्या कागदाचं. या आजारात काही औषधं चालत नाहीत. तुमच्या आमच्या तापाला देतात ती साधी सुई या माणसाचा श्वास बंद करू शकते. बाईंनी एका कागदावर वर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत, आणि खाली लाल शाईने न चालणाऱ्या औषधांची यादी. झेरॉक्स काढून बाराही घरांत वाटली. "मी नसेन त्या दिवशी डॉक्टरसमोर कुणाला तरी हे नाव घेता आलं पाहिजे," दारात उभ्या राहून सांगायच्या. "नाही आलं तर माणूस जाईल. बाकी तुमच्याकडून मला काही नको." आमच्या घरची प्रत लोणच्याच्या बरणीखाली गेली. शिरसाठांकडची रद्दीत. बाईंना ते कळलंच, त्यांना सगळं कळायचं. मग त्यांनी मूळ कागद आणून सोसायटीच्या बोर्डावर लावला.

"बोर्ड सोसायटीचा आहे," मी म्हटलं. "खासगी कागद लावता येत नाही."

"तुले काय करनं शे?" चिडल्या की बागलाणची बोली बाहेर यायची. मग शुद्धीवर आल्यासारखं म्हणाल्या, "घरात दिलेला कागद रद्दीत जातो. इथला राहील."

तो कागद दीड वर्ष राहिला. मला रोज डोळ्यात खुपायचा. बोर्ड लहान, कागद मोठा, आणि हुकमावरून न लिहिता बोर्डावर असलेला तो एकमेव कागद.

एका शुक्रवारी टाकी धुण्याची नोटीस लावायची होती. जागा नव्हती. मी बाईंचा कागद काढला. फाडला नाही, फेकला नाही, ते माझ्या रक्तात नाही. पंचिंग मशीनने डाव्या बाजूला दोन भोकं पाडली आणि 'किरकोळ पत्रव्यवहार' या फाईलला लावला. सोमवारी टाकी धुऊन झाली की बघू, असं मनात होतं. खरं सांगायचं तर तेही मनात नव्हतं. काढला याचं बरं वाटलं, एवढंच होतं.

शनिवारी संध्याकाळी बाई दारात आल्या. डोळे लाल, पण आवाज तोच.

"आई गेली. भाऊ उद्या दुपारपर्यंत अंत्यविधी थांबवणार आहे माझ्यासाठी. पहिल्या गाडीने जाते, संध्याकाळी परत. गोळ्या वाट्यांमध्ये मांडल्या आहेत, वेळा लिहिल्या आहेत. जेवणाचं शिरसाठबाईंना सांगितलंय, त्या हो म्हणाल्या. काही झालंच तर कागद बोर्डावर आहे."

चार वर्षांत बाई पहिल्यांदा एका दिवसासाठी घराबाहेर पडत होत्या. तेव्हा मी बोलायला हवं होतं. फाईल माझ्यामागे कपाटात होती, चार पावलांवर. पण काढला म्हटलं असतं तर तिथेच तमाशा झाला असता, सुलभासमोर, शनिवारी संध्याकाळी, सुतकाच्या घरच्या बाईचा. एका दिवसात काय होतंय. मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "निश्चिंत जा."

पहाटे त्या गेल्या तेव्हा बोर्ड आहे तिथला, जिन्याखालचा दिवा गेलेला होता. तो बदलायचं कामही माझंच होतं.

रविवारी दुपारी शिरसाठ वहिनी धावत आल्या. दिलीपरावांना सपाटून ताप भरला होता, लघवीला आग होत होती, हुडहुडी थांबत नव्हती. मी बाईंना फोन लावला. दोनदा लावला, उचलला नाही. आईला अग्नी देताना कोण उचलणार. मग तळमजल्यावरच्या सलीमभाईंच्या रिक्षात आम्ही दिलीपरावांना घातलं, अंगात पायजमा आणि बनियन. आजाराच्या नावाची चिठ्ठी त्यांच्या पाकिटात असायची, पाकीट खुंटीवरच्या पँटमध्ये राहिलं. नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरला मी दोष देणार नाही, त्याने रीतसर विचारलं, "आधीचा काही आजार?"

नाव माझ्या जिभेवर होतं. तीनदा घोटून घेतलेलं होतं. पण बाहेर दहा माणसं बसलेली, पुढे हा तरुण डॉक्टर, आणि चुकलो तर हसेल, असं वाटलं. मी म्हणालो, "जुनं दुखणं आहे नसांचं. अशक्तपणा. तुम्ही एक सुई द्या आणि सलाइन लावा." सुई दिल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतच नाही आम्हाला, माझ्या आईलाही वाटायचं नाही.

डॉक्टरने सुई भरली तसा दिलीपरावांनी हात वर केला. जीभ तर केव्हाच गेली होती. हात हलवून नको, नको करत होते, माझ्याकडे बघत होते. पापण्या खाली आलेल्या, त्यामुळे मान मागे टाकून बघत होते. मी त्यांचा हात धरून खाली दाबला आणि म्हणालो, "अहो भामरे, लहान पोरासारखं सुईला काय घाबरता?"

हे मी लिहितोय ते कुणी माझ्याकडून लिहून घेत नाहीये.

चार वाजेपर्यंत त्यांची छाती हलेनाशी झाली. सलीमभाईंनी सिग्नल न बघता रिक्षा हाणली. मोठ्या दवाखान्यात त्यांना श्वासाच्या मशीनवर घातलं. संध्याकाळी बाई आल्या त्या अंत्यविधीच्या ओल्या केसांनीच, हातात पिशवी. रडल्या नाहीत.

"सुई दिली?"

"डॉक्टरने दिली."

"नाव सांगितलं होतं?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"कागद?"

"बोर्डावर नव्हता," मी म्हणालो. "वाऱ्याने उडाला असेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीवर पेर वाजवलं, टक टक. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिना रिकामा बघून मी फाईलमधून तो कागद काढला आणि बोर्डावर पुन्हा लावला. हेडक्लार्कची अक्कल बघा. दोन ड्रॉइंग पिना नेमक्या त्या दोन भोकांवर टोचल्या, म्हणजे भोकं झाकली जातील. सुलभाला विचारलं तर म्हणालो, जिन्यामागे सापडला.

नऊ दिवसांनी बाई कपडे न्यायला आल्या. मी दाराच्या फटीतून बघत होतो. बोर्डापुढे थांबल्या, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, परक्या कुणाचा असावा तसा, आणि वर निघून गेल्या.  मी सुटलो असं मला वाटलं.

दिलीपराव महिन्याने घरी आले. गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची. चालणं संपलं, बोलणं संपलं. नळीत कफ साठला की एका छोट्या मशीनने ओढून काढावा लागायचा, दिवसातून कितीदा याला मोजदाद नाही. गोळ्यांचं वेळापत्रक होतंच, त्यात आता नळीचं, कुशीवर वळवण्याचं, पाठ चोळण्याचं आलं. बघायला येणाऱ्यांची रांग बंद झाली. एवढ्या आजाराला शहाळं पुरत नाही, हे लोकांना बरोबर कळतं.

आठवडाभराने बाईंनी मला जिन्यात गाठलं. "वर या."

मी गेलो. त्यांनी खाटेशेजारची खुर्ची दाखवली. "या, बसा." आता कागदाचं काढतील, असं मला वाटलं. पण त्यांनी ते मशीन माझ्या हातात दिलं, नळी कशी घालायची, किती घालायची, कधी थांबायचं ते दाखवलं. एकदा स्वतः केलं, दोनदा माझ्याकडून करून घेतलं. मला उमासे आले तर म्हणाल्या, "तोंड तिकडे करा, हात इकडे ठेवा."

"रोज दोन ते तीन," त्या म्हणाल्या. "मी झोपणार."

"मी? बाई, मला सोसायटीची कामं आहेत. नर्स ठेवा, शिरसाठ वहिनींना सांगा."

"तुम्ही." टक टक.

मी खाली येऊन घर डोक्यावर घेतलं. ही कोण मला सांगणारी, माझा काय संबंध, माणुसकी म्हणून एक दिवस दवाखान्यात नेलं तर गळ्यातच पडली. सुलभा शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, "झालं बोलून? उद्या पावणेदोनला जेवून घ्या." तिला किती माहीत होतं, मी कधी विचारलं नाही.

दीड वर्ष मी जात होतो. आवडीने गेलो असं म्हणणार नाही. दर दिवशी कपाळाला आठ्या घालून गेलो. दोन वाजले की बाई खाटेशेजारी फरशीवर आडव्या व्हायच्या, उशी नाही, चटई नाही, हात डोक्याखाली. मिनिटभरात झोप. तोंड उघडं, टाचा भेगाळलेल्या, घड्याळ हातातच. चोवीस तासांतली तेवढीच त्यांची सलग झोप होती. रात्री दर दोन तासांनी उठायच्या, हे दिलीपरावांनी मला पाटीवर लिहून सांगितलं होतं. त्यांच्याजवळ लहान मुलांची पाटी असायची. गोळीचा अंमल असेपर्यंत दोनचार शब्द लिहायचे. पंखा. तहान. तिला उठवू नका.

मला बाईंचा राग यायचा. अशा झोपलेल्या दिसल्या की जास्तच यायचा. दोन बहिणी, दोन नणंदा, एक दीर ओझरला, त्यातला एकही माणूस आठवड्यातून एक दुपार येऊन बसत नव्हता. सगळ्यांना फोनवर रडता येत होतं. आणि हिला बारा घरांतून माणूस मिळाला तो मी.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. बाई झोपल्या होत्या. दिलीपरावांनी पाटी मागितली, बराच वेळ घेऊन लिहिलं, माझ्याकडे वळवली. अक्षर वाकडं होतं पण वाचता येत होतं.

"सुईला घाबरलो नव्हतो."

मला मान वर करता आली नाही. त्यांनी माझ्या हाताला हात लावला, त्यात जोर काहीच नव्हता. मग त्यांनीच तळव्याने पाटी पुसली आणि डोळ्यांनी खाली झोपलेल्या बायकोकडे खूण केली. तिला सांगायचं नाही, की तिला सांगा, ते मला नीट समजलं नाही. मी न सांगायचं असंच समजलो. सोयीचं तेच होतं.

त्यानंतर रोज तीनला बाई उठायच्या, घड्याळ बघायच्या, आणि मी मनात वाक्य जुळवायचो: बाई, तो कागद मी काढला होता. एवढंच वाक्य. खात्यात मी पाच पाच पानांची टिपणं लिहिली आहेत. हे वाक्य दीड वर्षात तोंडातून निघालं नाही. निघायच्या आत टक टक व्हायचं.

फेब्रुवारीत दिलीपरावांची छाती भरली. दोन दिवस दवाखान्यात होते, या वेळी डॉक्टरला नाव मी सांगितलं, स्पष्ट, न अडखळता, यादीसकट. उपयोग झाला नाही. स्मशानातून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी सवयीने जिना चढलो आणि दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर आठवलं. दार उघडं होतं. बाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. झोपायला मोकळ्या होत्या, तरी जाग्या होत्या.  मी परत फिरलो.

तेराव्यानंतर आठ दिवसांत त्यांनी घर रिकामं केलं. सटाण्याला भावाच्या शेजारी खोली घेतली होती. सामान फार नव्हतं. टेम्पो आला, सलीमभाईंनी खाट उतरवून दिली, शिरसाठ वहिनींनी डब्यात पोळ्या दिल्या आणि बाईंनी त्या घेतल्या, हेही मी पाहिलं. मी टेम्पो गेटमधून नीट निघतो की नाही ते बघायला खाली उभा होतो. कुणाच्या गाडीला घासला तर निस्तरणार कोण.

बाई बोर्डापुढे थांबल्या. नखाने एक पिन काढली, मग दुसरी. कागद हातात घेऊन माझ्याकडे आल्या.

मला वाटलं, बोलतील. सहा वर्षांचं साठलेलं सगळं आता बोलतील, गेटमध्ये, लोकांसमोर. खरंच सांगतो, मला ते हवं होतं. मी म्हणालो, "बाई, तो कागद त्या दिवशी—"

"घ्या," त्या म्हणाल्या. "फाईलला लावा. भोकं पाडलेलीच आहेत."

कागद माझ्या हातात राहिला. त्या ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या, खिडकीतून हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर पेर वाजवलं, टक टक. टेम्पो सुटला.